द्राक्षवेलींच्या मर्तिकाला रोह्यापर्यंत

भाऊसाहेबांनी मला पेणला धाडलं तेव्हा माझा अहवाल टाइप होऊन तयार होता. वर तारखेची जागा मोकळी होती, खाली माझ्या सहीची. मधे मजकूर असा: ‘कोकणातील दमट हवा, प्रतिकूल माती व लाभार्थ्यांची हलगर्जी यांमुळे द्राक्षाची रोपे दगावली. पाठवतेवेळी रोपे पूर्णतः निरोगी होती.’

“मग मी बघायला कशाला जायचं?” मी विचारलं.

“न जाता लिहिलं तर खोटं ठरेल,” भाऊसाहेब म्हणाले. “जाऊन या.”

भाऊसाहेब म्हणजे आमच्या रोपवाटिकेचे मालक. निफाडकडे आमची रोपवाटिका आहे आणि मी तिथला तांत्रिक सल्लागार. सल्ला कुणी विचारत नाही, पण रोपांची गाडी निघताना ‘रोपे निरोगी असल्याचा दाखला’ द्यावा लागतो, त्यावर सही माझी असते. एका संस्थेच्या मनात कोकणात द्राक्ष पिकवायचं आलं. त्यांनी पेण आणि रोहे तालुक्यांतल्या काही गावांना आमची कलमी रोपं वाटली. सव्वा वर्षात ती बहुतेक सगळी वाळली. त्या गाडीच्या दाखल्यावरही सही माझीच होती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पेणमध्ये पोचेपर्यंत मला स्वतःलाही त्याची आठवण झाली नव्हती.

जोहे

पेणला उतरलो तो जानेवारीतला शेवटचा आठवडा होता. गणपतींना अजून सात-आठ महिने होते, पण इथे गणपतींना कधीच अवकाश नसतो. एसटी स्टँडवरून जोह्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपती वाळत होते. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी बागेत नेतात आणि घड किती लागलेत ते दाखवतात. पाहुण्याने “वा” म्हटल्याशिवाय चहा येत नाही. इथे कारखान्यात नेतात. “वा” म्हणायची तयारी मी घरूनच करून आलो होतो, तेव्हा अडचण आली नाही.

हरीदादांचा मूर्तींचा कारखाना गावाच्या टोकाला. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत शाडूने माखलेला. संस्थेने त्यांना शेतकरी म्हणून सहा रोपं दिली होती. त्यांनी ती कारखान्याच्या पत्र्याच्या कडेने लावली. हेतू द्राक्षांचा नव्हताच.

“उन्हाळ्यात पत्रा तापतो,” ते म्हणाले. “म्हटलं, वेल चढंल, सावली होईल. द्राक्षं आली तर देवाला, नाय आली तर नाय.”

“पाणी किती देत होता?”

“माती भिजवतो तवा उरलेलं पाणी.”

मी वहीत लिहिलं: ‘पाणी शाडूमिश्रित.’ तांत्रिक शब्द सापडल्याचा मला आनंद झाला. हरीदादा वाकून बघत होते.

“ते लिवा,” ते शांतपणे म्हणाले. “पन हे बी बघा.” त्यांनी एक वाळलेलं रोप मुळासकट उपटलं, खालचा खुंट एका हातात धरला, वरची काडी दुसऱ्या हातात, आणि बाटलीचं झाकण फिरवावं तसं फिरवलं. कलमाचा जोड कट्कन सुटला. जोडाच्या तोंडाशी लाकूड काळपट तपकिरी होतं.

“आमी मूर्तीला हात जोडतो,” हरीदादा म्हणाले, “तो बी येवढ्यात निघत नाय. वरून सारवलं की जोड दिसत नाय येवढंच. हा जोड कोनी केला?”

आमच्याकडे दिवसाला हजाराच्या वर कांड्यांची कलमं बांधणाऱ्या बायका आहेत. त्यांचा हात इतका वेगात चालतो की बाहेरून आलेल्या लोकांना आम्ही तो मुद्दाम दाखवतो. मी म्हणालो, “यंत्राने केला असेल.” आमच्याकडे यंत्र नाही.

हरीदादांच्या पत्नीने पोह्याचे पापड भाजून आणले. असा पापड मी आयुष्यात खाल्ला नव्हता. चार खाल्ले आणि पाचवा घेताना मूळ विषय बाजूला पडला, याचं मला बरंच वाटलं. निघताना हरीदादांनी तो सुटलेला जोड कागदात बांधून माझ्या पिशवीत घातला. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. मालकांना दाखवा.”

वडखळच्या पुढे, खारेपाटात

वडखळच्या नाक्यावर उतरून वडापाव खाल्ला. तिथल्या धुळीत वडापाव खाणं आणि वडापावासोबत धूळ खाणं यांत फारसा फरक करता येत नाही. तिथून रिक्षाने खाडीकडच्या गावात गेलो. हा खारेपाट, खाडीलगतचा सपाट, मोकळा मुलूख. भाताची कापून झालेली खाचरं, मधे बांध, लांबवर मिठागरांचे पांढरे ढीग. हवेला खारट वास. आमच्या निफाडच्या माणसाला या मातीत द्राक्ष लावायचं सुचलं नसतं. पण संस्थेचे समन्वयक पुण्याला बसत होते, त्यांना ते सुचलं.

इथे पांडूतात्या भेटले. सत्तरीचे, उघडेबंब, कमरेला पंचा. आयुष्य मिठागरात गेलेलं, आता भाताची थोडी शेती. बांधावरून चालताना ते मागे न बघता बोलत होते.

“मी साहेबाला बोललो, हितं खारं पानी येतं. बांध फुटला का सगलं खारं. साहेब बोलला, तात्या, आमचं उद्दिष्ट पुरं व्हायला पायजे. मी बोललो, व्हय, मंग लावा.”

“किती जगली?”

“साहेबांचा फोटो काढस्तवर सगली जगली.”

माझ्या मनातला मोठा भार इथे उतरला. मीठ. याहून सोपं कारण कुठल्या अहवालाला मिळालं नसेल. मी उभ्या उभ्या वहीत ‘क्षारता’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि लिहिण्याच्या नादात बांधावरून पाय घसरून खाली चिखलात गेलो. गुडघ्यापर्यंत. तात्यांनी हात देऊन मला वर काढलं. माझा उजवा बूट मात्र खारेपाटाने ठेवून घेतला. तात्यांनी काठीने बराच वेळ शोधलं. मग म्हणाले, “ऱ्हायला. आता तो नाय यायचा.”

घरी नेऊन त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि स्वतःच्या निळ्या रबरी स्लिपर दिल्या. माझ्या टाचा मागे दोन बोटं बाहेर राहत होत्या. भात, खाडीतल्या कोळंबीचं कालवण आणि पांढरा कांदा. आम्ही माळकरी माणसं, घरात मासे नाहीत; पण तात्यांच्या सुनेने ताट समोर ठेवून “जेवा ना” असं म्हटल्यावर माळ आठवायला वेळच मिळाला नाही.

जेवताना मी म्हणालो, “तात्या, तुमच्या मिठाने माझं काम केलं बघा. आता रोह्याला जायची गरज नाही.”

तात्यांनी कोळंबी सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. “माझं मीठ घ्या की. मी कुटं नाय बोलतोय. पन रोह्याकडं एक बाई हाय, रंजनाबाई. मीटिंगला भेटायची. तिच्याकडं मीठ नाय, चांगली तांबडी माती हाय. तिची बी मेली. तिचं नाव बोर्डावर लावलंय, हलगर्जी म्हनून. तिला काय सांगशाल?”

कोळंबीचं कालवण अतिशय चांगलं होतं. पण जेवून उठल्यावर मी रोह्याच्या गाडीची वेळ विचारली.

रोहे

दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या स्लिपर घालून रोह्याला उतरलो. स्टेशनबाहेर चपलांचं दुकान होतं, पण ते दहाला उघडत होतं आणि माझी जीप नऊला निघत होती. आधी रसायनांच्या कंपन्यांचा वास लागतो, मग कुंडलिका नदी ओलांडली की झाडं. जीप आत आत जात राहिली. दोन्हीकडे वालाची शेतं, शेंगांनी भरलेली.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो कागद होता. ‘द्राक्ष प्रकल्प: निष्काळजी लाभार्थी.’ पहिलं नाव रंजनाबाईंचं. पावसाळ्यात चिकटवला असावा, शाई ओघळलेली; पण नाव नीट वाचता येत होतं. कुणीतरी त्याखाली पेनने आणखी काही लिहिलं होतं आणि कुणीतरी ते खरवडलं होतं.

रंजनाबाई चाळिशीच्या, सडपातळ, बोलताना हातातलं काम न थांबवणाऱ्या. अंगणात वालाच्या शेंगा निवडत होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, “सर ना तुम्ही? निफाडचे?”

“हो.”

“मला वाटलं बूटवाले येतील.”

त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. गावातल्या अकरा बायकांचा गट, ह्या अध्यक्ष. आपापल्या शेताचा तुकडा द्राक्षाला द्या म्हणून त्या दारोदार फिरल्या. बायकांना नवऱ्यांचं ऐकून घ्यावं लागलं, कारण त्या तुकड्यात वाल झाला असता. माती आणून खड्डे भरले, बांबूचे मांडव घातले. शेजारच्या घरात त्यांची थोरली जाऊ. तिने सगळ्यात मोठा तुकडा दिला होता, रंजनाबाईंच्या शब्दावर. वेली वाळल्या, मग तो कागद लागला, आणि तेव्हापासून जाऊ त्यांच्याशी बोलत नव्हती. दोन घरांना अंगण एकच.

“ती बोलली, तू पुस्तकातलं वाचून सांगितलंस, आन् पानी द्यायला विसरलीस. नाव बोर्डावर हाय म्हणजे खरंच असंल.” रंजनाबाई शेंगा निवडत राहिल्या. “मी इसरले नाय, सर. ताप होता तवापन पानी घातलं.”

मी माझे प्रश्न काढले. खत किती, निचरा कसा, छाटणी कधी. एकूण एक उत्तर बरोबर. वहीत त्यांनी तारखांसकट लिहून ठेवलं होतं, माझ्या वहीपेक्षा स्वच्छ अक्षरात. शेवटी उरलेलं हत्यार काढलं: “हवा दमट आहे हो तुमच्याकडे. आणि माती आम्लधर्मी.”

रंजनाबाई उठल्या. पडवीच्या कोपऱ्यात ओळीने सात-आठ काळ्या पिशव्या होत्या, आमच्याच, आमच्या शिक्क्याच्या. त्यांत वाळलेली रोपं.

“ही लावायची ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. “खड्डे कमी पडले. म्हटलं नंतर लावू. इथंच सावलीत ठेवली, पानी घातलं. पिशवी फोडली नाय. आतली माती तुमची, भुसा तुमचा. शेतातली मेली त्याच महिन्यात ही बी मेली. मग आमच्या मातीनं काय केलं यांना?”

मी छाटणीची कात्री काढली आणि एक खोड आडवं कापलं. हे मी आजवर केलं नव्हतं. पान बघायचो, मुळी बघायचो, रोप सरळ उभं आहे का बघायचो आणि सही करायचो. रोप आतून बघायचं तर ते कापावं लागतं, आणि कापलेलं रोप विकता येत नाही; म्हणून आमच्या धंद्यात ते कुणी कापत नाही.

कापलेल्या तोंडावर गाभ्याभोवती काळे ठिपके होते, सुईने टोचल्यासारखे, गोलात. दुसरं कापलं, तसंच. तिसऱ्याचं बूड कुजलेलं, काळं. एकात थोडी ओल होती, त्यातून डांबरासारखा थेंब आला. ही लाकडातली बुरशी. वरून पान हिरवंगार असताना ती आत बसलेली असते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करत जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत वेल बसते. पुस्तकात मी हे वाचलं होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती.

“हे कुठनं येतं?” रंजनाबाईंनी विचारलं.

“मूळ झाडातून. ज्याच्या कांड्या काढतो ते झाड रोगी असलं तर. किंवा कांड्या भिजवायच्या टाकीतून, एकच पाणी आठ-आठ दिवस वापरलं तर. किंवा कलमाच्या चाकूने, एकाचं दुसऱ्याला.”

“आन् कात्रीनं?”

“कात्रीनेही.”

“तुम्ही चार रोपं कापली, मधी कात्री पुसली नाय.”

मी कात्री रुमालाने पुसली. उगाच. समोरचं सगळं मेलेलंच होतं.

तेवढ्यात समन्वयकांचा पुण्याहून फोन आला. “झाली का सही? मला संध्याकाळी वर पाठवायचंय.” मी म्हणालो, इथे वेगळंच दिसतंय. ते म्हणाले, “तुम्ही फार खोलात जाऊ नका.” मी म्हणालो, “खोलात नाही, खोडात गेलोय.” त्यांना नीट ऐकू आलं नसावं. रेंज गेली.

दुपार कलली तसं रंजनाबाईंच्या यजमानांनी शेताच्या बांधावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, मीठ आणि ओवा. मडकं पालथं घालून भोवती जाळ. जाळासाठी त्यांनी मांडवाशेजारचा ढीग ओढून घेतला. आमच्या वेली होत्या त्या. चांगल्या कडकडून पेटल्या. माझ्या सहीने निरोगी ठरलेल्या रोपांवर भाजलेल्या शेंगा मी खाल्ल्या, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडच्या हुरड्याचा मला असलेला अभिमान तिथे जरा कमी झाला. पाल्याचा वास शेंगेच्या आत दाण्यापर्यंत जातो.

शेजारच्या दारात जाऊ उभी होती. रंजनाबाईंनी पानावर शेंगा काढून तिच्या पायरीवर नेऊन ठेवल्या आणि परत आल्या. जाऊ आत गेली. पान तिथेच राहिलं.

मी पिशवीतून तो टाइप केलेला अहवाल काढला. रंजनाबाईंनी वाचला. ‘हलगर्जी’वर त्यांचं बोट थांबलं.

“यावर सही करणार तुम्ही?”

“त्यासाठीच पाठवलंय.”

“मला ते द्राक्ष नको, सर,” त्या म्हणाल्या. “दुसरी रोपं नकोत, काय नको. मी पानी घातलं होतं, एवढं कागदावर लिहून द्या. अकरा बायकांना दाखवीन. बाकी काय लिहायचं ते लिहा.”

बाकी काय लिहायचं ते एव्हाना उरलंच नव्हतं. तो कागद मी जाळात टाकला नाही, तसं केल्याचं सांगायला छान वाटलं असतं. घडी घालून खिशात ठेवला, कारण मला नोकरी आहे. मग रंजनाबाईंच्या वहीतलं पान मागून घेतलं आणि हाताने लिहिलं. रोपं रोपवाटिकेतूनच रोगी आली होती. न फोडलेल्या पिशव्यांतली रोपंही त्याच रोगाने मेली. लाभार्थ्यांनी पाण्यात, निगराणीत कसूर केली नाही. पाठवतेवेळी आतून तपासणी न करता दाखला दिला होता. कुणी दिला, ते लिहिताना पेन थोडं अडलं. मग नाव लिहिलं आणि खाली सही केली. एकाच कागदावर माझं नाव दोनदा आलं, एकदा आरोपी म्हणून आणि एकदा तज्ज्ञ म्हणून.

रंजनाबाईंनी पान दोनदा वाचलं. “दोन प्रती करा,” म्हणाल्या. “एक पंचायतीला लावते.”

परत

निफाडला आलो तेव्हा आवारात ट्रक उभा होता, रोपं भरत होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा प्रकल्पाची गाडी. दाखला टेबलावर माझी वाट बघत होता.

मी भाऊसाहेबांना बाहेर बोलावलं, हरीदादांनी दिलेला जोड समोर ठेवला, आणि ट्रकमधली दहा रोपं उतरवून त्यांच्यासमोर कापली. सात काळी निघाली. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून ती मोजली.

“बाकीची तीन चांगली आहेत ना,” ते म्हणाले. “ती भरा.”

“ती कापली आहेत.”

“हं.”

मी विचारलं, “भाऊसाहेब, मागच्या वर्षी तुम्ही नवीन बाग लावली. त्यात ही रोपं किती?”

ते माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या अडाण्याकडे बघावं तसे. “आपल्या बागेत पिशवीतलं कलम कोण लावतं? आपण खुंट जागेवर वाढवतो, त्यावर चांगल्या वेलीचा डोळा आपल्या हाताने भरतो. तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत होतं. त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता, एवढंच.

मी दाखल्यावर सही केली नाही. ट्रक दोन दिवस उभा राहिला, तिसऱ्या दिवशी रिकामा झाला. रोपं कुठे गेली ते मला सांगितलं नाही. आता आमच्याकडे बुरशी मारण्यासाठी कांड्या गरम पाण्यातून काढायची टाकी बसवली आहे, पन्नास अंश, अर्धा तास. भाऊसाहेब पाहुण्यांना ती आवर्जून दाखवतात आणि ही कल्पना आपल्याला कशी सुचली तेही सांगतात. मी पूर्वीसारखाच सल्लागार आहे. फक्त दाखल्यावरची सही आता भाऊसाहेबांचा पुतण्या करतो. त्याने अजून एकही रोप कापलेलं नाही.

मार्चमध्ये रंजनाबाईंचा फोन आला. पंचायतीने जुना कागद काढला होता. नवा लावू दिला नाही, पण जुना काढला. बायकांना त्यांनी माझं पान वाचून दाखवलं होतं, समाजमंदिरात, उभं राहून.

“मग? काय म्हणाल्या?”

“काय नाय बोलल्या. ऐकलं आन् गेल्या.”

मागे काहीतरी धपाधप आवाज येत होता. मी विचारलं, काय चाललंय.

“वाल झोडतोय,” त्या म्हणाल्या. आवाज बराच हळू होता. “सकाळी जाऊबाई आल्या. बोलल्या नाय काय. मी झोडत होते, माझ्या समोर बसल्या आन् दुसरी काठी घेतली.”

मी म्हणालो, “फोन ठेवा मग.”

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि ठेवला.